लेटरहेडवरचा धूर

माझ्या वडिलांच्या दवाखान्यात पेशंट घरून बाटली घेऊन यायचा. घासूनपुसून आणलेली काचेची बाटली. कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर भरायचा, मात्रेच्या खुणा कळाव्यात म्हणून कातरलेली कागदाची पट्टी डिंकानं चिकटवायचा आणि गोळ्या पुडीत बांधून द्यायचा. बाटली विसरलेल्याला आधी कंपाउंडरचा ओरडा आणि मग औषध. त्या मिक्श्चरांतली निम्मी औषधं आज कुणी देणार नाही, देऊही नयेत. पण दिवसभराच्या ओपीडीनंतर त्या दवाखान्यातून बादलीभरसुद्धा कचरा निघत नसे. आज माझ्या दवाखान्यातून पिवळ्या आणि लाल पिशव्या भरून जातात, आणि पिशवीत मावत नाही असा धूर वेगळाच.

हेल्थ केअर विदाउट हार्म आणि अरुप या संस्थांनी २०१९ मध्ये केलेल्या हिशेबानुसार जगाच्या निव्वळ कार्बन उत्सर्जनातला ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे. आरोग्यसेवा हा एक देश मानला, तर उत्सर्जनात त्याचा नंबर पाचवा लागेल. हे वाचून आपल्याला वाटतं, हे सगळं मोठ्या हॉस्पिटलांचं. आपला दोन खोल्यांचा दवाखाना, त्यात कसला आलाय धूर? आणि फारच मनावर घेतलं तर आपण एलईडी दिवे लावतो, छतावर सोलर बसवायचं कोटेशन मागवतो आणि थांबतो.

सोलर बसवा, जरूर बसवा. पण सुरुवात तिथून करू नका. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या प्रॅक्टिसचा कार्बनचा हिशेब मांडला गेला, तेव्हा निम्म्याहून जास्त उत्सर्जन वीज, इमारत, गाड्या यांतून नाही, तर लिहून दिलेल्या औषधांतून निघालं. आपल्याकडे औषधाच्या जोडीला सुई आणि सलाईनही आहेत. म्हणजे मीटरकडे बघण्याआधी लेटरहेडकडे बघायला हवं.

तरी मीटरचा आकडा हाताशी असू द्या, मोजपट्टी म्हणून तो उपयोगी पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक एसी, एक फ्रिज, पंखे, दिवे असलेल्या दवाखान्याचं बिल महिन्याला अडीचशे युनिट धरलं, तर वर्षाचे साधारण २.१ टन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

पंप

दमेकऱ्यांच्या भाषेत इन्हेलर म्हणजे ‘पंप’. दाबून फवारा मारायच्या पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, बाकी सगळा त्याला ढकलणारा गॅस. ओझोनच्या थराला भोक पाडणारे जुने सीएफसी वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू गेले आणि त्यांच्या जागी एचएफए आले. ओझोन वाचला, पण एचएफए १३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तेराशे पट हवा तापवतो. एचएफए २२७ईए तर तीन हजार पटींच्याही वर. ब्रिटनमधल्या मोजणीत साल्ब्युटामॉलच्या दोनशे फवाऱ्यांच्या एका पंपामागे, ब्रँडप्रमाणे, साधारण १० ते २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं. २८ किलो म्हणजे आपल्या विजेची चाळीस युनिटं किंवा बारा लिटर पेट्रोल. पावडरचा इन्हेलर बहुतेक वेळा एका किलोच्या आसपास राहतो, कारण त्यात गॅसच नसतो. ओढण्याचा जोर पेशंट लावतो.

सरासरी वीस किलो धरा. महिन्याला दहा पंप लिहिणाऱ्या डॉक्टरचे वर्षाचे २.४ टन झाले. वर्षभराच्या वीजबिलापेक्षा जास्त, तेही एका ओळीच्या औषधातून.

इथं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पेशंटला पावडरकडे वळवायला मोहिमा काढाव्या लागतात. आपल्याकडे रोटाकॅप आणि रोटाहेलर तालुक्याच्या केमिस्टकडेही मिळतात, आणि स्वस्त पडतात. म्हणून नवा पेशंट, मोठा माणूस, श्वास जोरात ओढता येतो आहे, अशा वेळी पहिली निवड पावडरची करा. जुन्या पेशंटला मात्र त्याच्यासमोर बसून, ओढून दाखवून, ओढून घेऊनच बदला. पंपाचा श्वास संथ आणि लांब, पावडरचा श्वास जोरदार आणि झटक्यात. हा फरक न सांगता चिठ्ठीवर नुसतं नाव बदललं, तर औषध घशात अडकतं, दमा बळावतो आणि पेशंट आठ दिवसांत ॲडमिट. ॲडमिट झालेल्या पेशंटचं उत्सर्जन कुठल्याही पंपाहून मोठं, त्याचा जीव धोक्यात घातला ते वेगळंच.

लहान मुलं, अशक्त म्हातारी माणसं आणि जोराचा अटॅक, यांना पंप आणि स्पेसरच. इथं कार्बनचा विचार मनातसुद्धा आणू नका. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मित्रांसाठी आणखी एक सूचना: पावसाळ्यात दमट हवेनं पावडर ओल धरते. कॅप्सूल मूळ पॅकिंगमध्ये, घट्ट झाकणात ठेवायची आणि ओढायच्या वेळीच बाहेर काढायची, हे चिठ्ठीवर लिहून द्या. मी हे सांगायला विसरलो होतो तेव्हा एक आजी रोटाकॅप देवघरातल्या वाटीत सुट्या ठेवत होत्या.

याहून मोठा मुद्दा पंप कुठला हा नाहीच. आपल्याकडे खरा घोळ हा की पेशंट केमिस्टकडून नुसता साल्ब्युटामॉल घेऊन वर्षानुवर्षं फवारत राहतो आणि स्टेरॉइडच्या इन्हेलरला ‘सवय लागते’ म्हणून घाबरतो. जीना या आंतरराष्ट्रीय दमा मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळणं नाकारलंय. शक्यतो फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइडचा एकत्र इन्हेलर गरजेला वापरावा, असं त्यांचं म्हणणं आहे. तो पावडरमध्येही मिळतो. दमा आटोक्यात आला की महिन्याला साल्ब्युटामॉलचे दोन निळे पंप संपवणारा माणूस वर्षाला एकावर येतो. पंप वाचवायचे ते असे, तोडून नव्हे.

सुई आणि सलाईन

‘डॉक्टर, अंगात कणकण आहे, एक सलाईन लावून टाका.’ हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही. उन्हाळ्यात तर घरचे चादर आणि उशी घेऊनच येतात. आणि खरं बोलायचं तर या मागणीला खतपाणी आपणच घातलंय. सलाईनचे पैसे मिळतात, समजावण्याचे मिळत नाहीत.

अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. अर्ध्या लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पंचवीस ग्रॅम साखर. बाकी सगळं पाणी. ते पाणी कारखान्यात शुद्ध होतं, प्लॅस्टिकच्या बाटलीत भरतं, ट्रकनं शेकडो किलोमीटर येतं; मग त्याला आयव्ही सेट, इंट्राकॅथ, चिकटपट्टी, स्पिरिटचा बोळा लागतो, आणि दोन तासांनी या सगळ्याचा कचरा होतो. तोंडानं पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला हे कशासाठी? मी पेशंटला हाच हिशेब सांगतो: ‘काका, या बाटलीत आहे ते तुमच्या घरच्या सरबतात आहे, आणि सरबत जास्त चवदार लागतं.’ दहातले सहा-सात हसून ऐकतात. उरलेले दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. जाऊ द्या.

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची ताकद सिद्ध करणारा माणूस आपल्याच देशातला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणलं. कॉलऱ्यात चाललं, ते कणकणीत चालणार नाही का? अर्थात पेशंट गळून गेलाय, लघवी थांबलीय, पोटात काही टिकत नाही, तर सलाईन हवंच, आणि लगेच हवं.

इंजेक्शनचंही तेच. पॅरासिटामॉलची गोळी आणि शिरेतून दिलेलं पॅरासिटामॉल यांच्या उत्सर्जनात कित्येक पटींचा फरक आहे, औषध तेच असून. तापाला डायक्लोफेनॅकची सुई, अशक्तपणाला बी-कॉम्प्लेक्सची सुई, सर्दीला जेंटामायसीन, या सवयी एकेक करून सोडा. सगळ्या एकदम सोडायला गेलात तर प्रॅक्टिस बसेल, आणि मग बायको हा लेख फाडून टाकेल. मी पहिल्या वर्षी फक्त ‘ताकदीचं इंजेक्शन’ बंद केलं.

अँटिबायोटिकबद्दल वेगळं सांगायला नको, ते रेझिस्टन्सच्या निमित्तानं आपण रोज ऐकतो. पण जाता जाता घरोघरच्या डब्यांकडे बघा. अर्धवट राहिलेल्या स्ट्रिपा, कधीकाळी सुरू होऊन कुणीच बंद न केलेलं पॅन्टोप्रॅझॉल, दोन वेगवेगळ्या नावांचं एकच बीपीचं औषध. तयार होऊन, पॅक होऊन, गावापर्यंत येऊन न खाल्लेली गोळी म्हणजे निव्वळ धूर. सहा महिन्यांतून एकदा जुन्या पेशंटला ‘घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा’ म्हणा. टेबलावर ओता. वीस मिनिटं जातात; त्या वीस मिनिटांत पेशंटची दोन-तीन औषधं कमी होतात आणि पुढच्या वीस वर्षांचा विश्वास जमा होतो.

तपासण्यांचे आकडे मला फार बोलके वाटतात. मेलबर्नच्या संशोधकांनी मोजलं, तर एका एमआरआयमागे १७.५ किलो, सीटी स्कॅनमागे ९.२ किलो, छातीच्या एक्स-रेमागे ०.७६ किलो आणि सोनोग्राफीमागे ०.५३ किलो उत्सर्जन निघालं. म्हणजे कंबरदुखीत धोक्याचं एकही लक्षण नसताना पेशंटच्या समाधानासाठी लिहिलेला एमआरआय तेहतीस सोनोग्राफींइतका. त्याच गटाच्या आणखी एका अभ्यासात सीबीसीचे ११६ ग्रॅम निघाले, आणि त्यातला मोठा भाग मशीनचा नव्हता. सुई, ट्यूब, हातमोजे असल्या रक्त काढण्याच्या सामानाचा होता. म्हणून तपासण्या लागतीलच, तर एकाच वेळी, एकाच टोचणीत करा. आज शुगर, परवा लिपिड, शनिवारी थायरॉइड असं नको. गेल्या महिन्याचे रिपोर्ट कन्सल्टंटकडे पेशंटबरोबर पाठवा आणि फोनवर सांगा की हे झालंय, पुन्हा करू नका. कन्सल्टंट रागावत नाहीत, बहुतेक वेळा त्यांना माहीतच नसतं.

पेशंटची फटफटी

माझ्या ओपीडीला रोज साठ पेशंट येतात असं धरू. त्यांतले तीस दुचाकीवर, जाऊन-येऊन दहा किलोमीटर, लिटरला पन्नासचं ॲव्हरेज. दिवसाला सहा लिटर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलोप्रमाणे वर्षाच्या तीनशे दिवसांत हे उत्सर्जन चार टनांच्या वर जातं. दवाखान्याच्या विजेच्या दुप्पट, आणि ते आपल्या कुठल्याच बिलात दिसत नाही.

बीपी-शुगर स्थिर असलेल्या पेशंटला पंधरा दिवसांनी का बोलावता? दोन महिन्यांचं औषध लिहा. गावाकडच्या लोकांना आठवडी बाजाराच्या दिवशी बोलवा, ते तसेही तालुक्याला येणारच असतात. माझ्याकडे बाजाराच्या दिवशी ओपीडी तासभर जास्त चालते आणि बाकीचे दिवस सुटसुटीत जातात. रिपोर्ट दाखवायला मुद्दाम यायला लावू नका, व्हॉट्सॲपवर मागवा आणि फोनवर बोला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी याला रीतसर परवानगी दिलीय. ओळख पटवायची, बोलणं टिपून ठेवायचं आणि चिठ्ठीवर नाव, नोंदणी क्रमांक व सही असू द्यायची. छातीत दुखतंय, धाप लागलीय, मूल मलूल पडलंय असं कुणी फोनवर सांगितलं तर अर्थातच ‘ताबडतोब या’.

फोनवरच्या सल्ल्याची फी मागायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडा. फी नसली की तुम्हीच नकळत म्हणता, ‘एकदा दाखवून जा.’

एसी, पिशव्या आणि हातमोजे

एसीचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २७ वर ठेवा, पंखा लावा, पंखा बदलायचा झाल्यास बीएलडीसी घ्या. पंचाहत्तर वॉटच्या जागी तीस वॉटमध्ये काम होतं. वेटिंग रूमला एसी लावूच नका. खोकणारी वीस माणसं बंद खोलीत बसवण्यापेक्षा उघड्या खिडक्या बऱ्या, टीबीच्या दृष्टीनं तर नक्कीच. वर घर आणि खाली दवाखाना असेल, तर घरगुती मीटरला पीएम सूर्य घर योजनेतून छतावरच्या सोलरसाठी अनुदान मिळतं. दवाखान्याच्या मीटरला ते नाही.

एसीत विजेपेक्षा न दिसणारी गोष्ट म्हणजे गॅस. जुन्या एसीतला आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठराशे पट, आर-४१०ए दोन हजार पटींवर, नवीन आर-३२ पावणेसातशे पट. एक किलो आर-२२ गळला की १.८ टन, म्हणजे वर्षाच्या विजेच्या जवळपास. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घेतला’ असं म्हणताना मागच्या वर्षीचा गॅस कुठं गेला, हे कुणी विचारत नाही. मेकॅनिकला आधी गळती शोधायला लावा, जोड बुजवून मगच गॅस भरू द्या आणि जुना एसी काढताना गॅस हवेत सोडू देऊ नका. तो कुरकुरेल, दोनशे रुपये जास्त मागेल. द्या.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आपल्याला इन्स्पेक्शनपुरते आठवतात. पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जातो आणि भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंशांचं तापमान राखावं लागतं. सिरिंजचं कागदी वेष्टन, औषधाचं खोकं, चहाचा कप त्यात टाकलात की ते जाळायला इंधन लागतं आणि पैसेही तुमचेच जातात. वेष्टन आणि खोकं साध्या कचऱ्यात. सिरिंज, आयव्ही सेट, सलाईनची बाटली लाल पिशवीत, जिथून निर्जंतुक होऊन प्लॅस्टिक पुन्हा वापरात येऊ शकतं. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, रक्ताचा बोळा पिवळ्यात. हे तुम्हाला पाठ असेल. झाडलोट करणाऱ्या मावशींना पाठ आहे का? पिशवी बांधतात त्या.

हातमोजे जिथं रक्त, स्राव, जखम तिथंच. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलनं २०१८ मध्ये अनावश्यक हातमोज्यांविरुद्ध मोहीम काढली आणि वर्षभरात २१ टन प्लॅस्टिक वाचवलं. बीपी बघायला, पोट तपासायला, लस टोचायला धुतलेले हात पुरतात. ड्रेसिंगला स्टीलची भांडी आणि चिमटे ऑटोक्लेव्ह करून वापरा, ऑटोक्लेव्ह भरला की मगच लावा.

पण सुई आणि सिरिंज एकदाच. हे ठळक अक्षरात वाचा. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं हिपॅटायटिस बी पसरला आणि कित्येक माणसं दगावली. सुया वाचवायच्या असतील तर इंजेक्शनं कमी करा.

मूत्रपिंड

मला सगळ्यांत जास्त हलवून सोडलं ते एका आकड्यानं. ब्रिटनमधल्या २०११ च्या अभ्यासानुसार सेंटरमध्ये जाऊन हिमोडायलिसिस घेणाऱ्या एका पेशंटमागे वर्षाला ३.८ टन उत्सर्जन होतं. चार तासांच्या एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध द्रव लागतो, शिवाय फिल्टर, नळ्या, येण्याजाण्याची गाडी, आणि हे आठवड्यातून दोनदा-तीनदा. म्हणजे मी माझा अख्खा दवाखाना सोलरवर चालवून वर्षाला २.१ टन वाचवतो, आणि एका मधुमेह्याची किडनी माझ्या दुर्लक्षानं गेली की त्याच्या पावणेदोन पट खर्च होतो. माणसाचं आणि त्याच्या घराचं काय होतं ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

म्हणून बीपीचा कफ रोज बाहेर काढणं, मधुमेह्याची लघवीतली अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा न चुकता करणं, गुडघेदुखीच्या आजीला केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद करायला लावणं, तंबाखू सोडवणं, लसी वेळेवर देणं, याच आपल्या हातातल्या सर्वांत मोठ्या कार्बन-बचती आहेत. त्यांना कोणी हिरवं सर्टिफिकेट देत नाही.

सुरुवात करायची असेल तर एक वही घ्या आणि महिनाभर पाच गोष्टी टिपा: विजेची युनिटं, लिहिलेले पंप, लावलेली सलाईन, दिलेली इंजेक्शनं, कचरा नेणाऱ्याच्या पावतीवरचं पिवळ्या पिशवीचं वजन. कुठलंही ॲप नको. महिन्याच्या शेवटी सर्वांत लाजिरवाणा आकडा कुठला ते तुम्हालाच कळेल. पुढचे तीन महिने फक्त तेवढ्यावर काम करा. माझा सलाईनचा होता.

आणि एक विनंती. तुमच्या आयएमए शाखेच्या किंवा जी.पी. असोसिएशनच्या पुढच्या सीएमईला नव्या औषधाच्या भाषणातली पंधरा मिनिटं मागून घ्या. एक रिकामा पंप, एक स्पेसर आणि एक रोटाहेलर टेबलावर ठेवा आणि जेवणाआधी प्रत्येक डॉक्टरला ते ओढून दाखवायला सांगा. आमच्याकडे केलं होतं. आधी आम्हीच चुकलो.